खेळून पोट भरतं का?



वस्तीतल्या विहारात पालकांची बैठक भरली, की एक प्रश्न हमखास कानावर येतो. मुलगी शाळेच्या संघातून कबड्डी खेळते, खो-खो खेळते, तालुका-जिल्हा गाजवून ढाल घेऊन घरी येते. आई ती ढाल बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोशेजारी मांडते. पण दहावी झाली, की बाप म्हणतो, "आता पुरे झालं. खेळून पोट भरतं का?" असे विचारणारा बाप वाईट नसतो. तो पाळी करून आलेला असतो. घरभाडे, रेशन आणि धाकट्याची फी त्याच्या डोक्यात घोळत असते. आम्ही स्वतः जमाखर्चाच्या वह्यांत उमेद घालवलेली माणसे. त्यामुळे हा प्रश्न आम्हाला कधीही क्षुल्लक वाटला नाही. मात्र हा प्रश्न नेमका कोणाला विचारायचा, याबद्दल आमचे मत निराळे आहे. ते पटवून देण्यासाठी आज आम्ही अमेरिकेतल्या एका काळ्या स्त्रीची हकिगत सांगणार आहोत. तिचे नाव तेरेसा एडवर्ड्स आणि तिचा खेळ बास्केटबॉल.

अमेरिकेतील काळ्या जनतेशी आपले नाते आजचे नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले आणि काळ्या जनतेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती मागविल्या. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नाव ब्लॅक पँथरवरून घेतलेले. तेव्हा ही हकिगत परक्याची म्हणून वाचू नये.

काकवीच्या गावची पोर

जॉर्जिया राज्याच्या दक्षिणेला एक लहानसे गाव आहे. इंग्रजी स्पेलिंग इजिप्तच्या कैरोचेच, पण तिथले लोक त्याला 'केरो' म्हणतात. हे गाव एके काळी उसाच्या काकवीसाठी प्रसिद्ध होते. तिथल्या हायस्कूलचे संघ आजही 'सिरपमेकर्स', म्हणजे काकवी करणारे, याच नावाने खेळतात. याच गावाजवळ ३१ जानेवारी १९१९ रोजी जॅकी रॉबिन्सन जन्मला. आजोबा गुलामगिरीत जन्मलेले, आई-बाप दुसऱ्याच्या जमिनीवर बटाईने राबणारे. आई मॅली पाच लेकरांना घेऊन कॅलिफोर्नियात निघून गेली. याच रॉबिन्सनने १९४७ साली अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉलमधील वर्णबंदी मोडली. पण त्याआधीचे एक वर्ष, म्हणजे १९४६ साली, त्याला कॅनडातल्या माँट्रियल शहराच्या संघातून खेळावे लागले होते. हे लक्षात असू द्या. घरचे दार उघडण्याआधी बाहेर जाऊन खेळावे लागणे ही या गावच्या लेकरांची जुनीच कहाणी आहे.

तेरेसाचा जन्म याच केरोचा, १९ जुलै १९६४ चा. अमेरिकेत वंशभेदाला बंदी घालणारा नागरी हक्क कायदा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीने २ जुलै १९६४ रोजी झाला. म्हणजे कायदा झाला तेव्हा तेरेसा आईच्या पोटात होती, आणि जन्मली तेव्हा कायदा अवघा सतरा दिवसांचा होता. आई मिल्ड्रेड हिने तेरेसाला आणि तिच्या चार भावांना एकटीने वाढवले. एकट्या बाईने पाच पोरे वाढवणे म्हणजे काय, हे आमच्या वाचक भगिनींना समजावून सांगायला नको.

१९८२ साली तेरेसा जॉर्जिया विद्यापीठात दाखल झाली. याच विद्यापीठाने जानेवारी १९६१ पर्यंत काळ्यांना दार बंद ठेवले होते. न्यायालयाच्या हुकमाने शार्लेन हंटर आणि हॅमिल्टन होम्स हे पहिले दोन काळे विद्यार्थी आत गेले, तेव्हा वसतिगृहाबाहेर दंगल उसळली होती. एकवीस वर्षांनी त्याच विद्यापीठाने केरोच्या या मुलीला शिष्यवृत्ती देऊन बोलावून घेतले. यामागे आणखी एक कायदा होता. १९७२ साली अमेरिकेने ठरवले, की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही. हा नियम मैदानालाही लागू झाला. मुलींचे संघ निघाले, त्यांना प्रशिक्षक मिळाले, खेळाच्या जोरावर कॉलेजची फी भरली जाऊ लागली. कायदा कागदावरचा असतो असे आपण रागाने म्हणतो. पण कागदावर आल्याशिवाय तो मैदानावरही येत नाही.

तेरेसाने संधीचे सोने केले. तिच्या विद्यापीठाचा संघ १९८३ आणि १९८५ साली देशातल्या शेवटच्या चार संघांत पोहोचला. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या महिला संघाने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा त्या संघात वीस वर्षांची तेरेसा होती.

पदक देशाचे, पगार परदेशाचा

१९८६ साली कॉलेज संपले. गळ्यात सुवर्णपदक, पाठीशी विद्यापीठाचे नाव, हातात कसब. आणि नोकरी? नोकरी नव्हती!

कायद्याने कॉलेजचे दार उघडले होते. कॉलेजच्या पलीकडे मात्र व्यापाऱ्यांचा बाजार होता. पुरुषांसाठी एनबीए ही गडगंज व्यावसायिक लीग होती. महिलांसाठी १९७८ साली एक लीग निघाली, पण ती १९८१ मध्येच बुडाली. त्यानंतरचे प्रयत्नही टिकले नाहीत. शिष्यवृत्ती आहे, पदवी आहे, पण पुढे खाजगी क्षेत्राचे दार बंद आहे, ही अवस्था आपल्या तरुणांनाही चांगली ठाऊक आहे.

मग जगातल्या पहिल्या नंबरच्या संघातल्या या मुलीने काय केले? बॅग भरली आणि परदेश गाठला. १९८७ पासून इटलीतल्या व्हिचेन्झा शहराच्या क्लबकडून ती खेळू लागली. १९८९ मध्ये ती जपानला गेली. तिथल्या नागोया शहरात मित्सुबिशी इलेक्ट्रिक या कंपनीचा महिला संघ होता. आपल्याकडे रेल्वेचे, बँकांचे, गिरण्यांचे संघ असत, त्यातलाच हा प्रकार. तिथे ती १९९३ पर्यंत खेळली. पुढे स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया, नंतर फ्रान्समध्ये तार्ब. जवळजवळ नऊ वर्षे, चार देश आणि चार भाषा.

परदेशी क्लबातले हे काम कसे असते, तेही समजून घ्यावे. एका संघात परदेशी खेळाडू एक किंवा दोनच घेता येतात, असा बहुतेक लीगचा नियम. त्यामुळे ज्या परदेशी बाईला पगार देऊन आणले, तिने भरपूर गुण काढून दिलेच पाहिजेत, अशी अपेक्षा. संघ जिंकला तर क्लबचे नाव. हरला तर पहिली नजर परदेशी बाईकडे. सराव संपला, की बाकीच्या मुली आपापल्या घरी जातात आणि ही परक्या गावातल्या खोलीत एकटी. मोबाईल-इंटरनेटचा जमाना नव्हता. आईशी बोलायचे तर समुद्रापलीकडचा महागडा फोन, नाहीतर पत्र. हिवाळा परदेशात आणि उन्हाळ्यात पुन्हा अमेरिकेच्या संघाची जर्सी, असे वर्षाचे चक्र. आपल्यातले जे आखाती देशांत कामाला जाऊन आले, त्यांना या खोलीचा वास ओळखीचा वाटेल.

आता जमाखर्च मांडून पाहू. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये तेरेसाने देशाला दुसरे सुवर्ण मिळवून दिले. म्हणजे पदक अमेरिकेच्या खात्यावर जमा आणि तिच्या पोटापाण्याचा खर्च इटली-जपानच्या खात्यावर! परदेशी क्लब काही धर्मादाय करत नव्हते. त्यांना गुण हवे होते, म्हणून त्यांनी दाम मोजला. पण निदान त्यांनी दाम मोजला, एवढे खरे.

ती एकटी नव्हती. सिंथिया कूपर हे नाव घेतलेच पाहिजे. वाचकांना ऐकून आनंद होईल, की तिची जन्मतारीख १४ एप्रिल आहे, साल १९६३. लॉस एंजेलिसमधल्या वॉट्स या गरीब काळ्या वस्तीत ती वाढली. आठ भावंडे आणि कर्ती एकटी आई. १९८८ च्या सुवर्णविजेत्या संघात तीही होती. १९८६ ते १९९७ अशी अकरा वर्षे ती स्पेन आणि इटलीत खेळली, इटालियन भाषा बोलायला शिकली. इटलीत तिचे नाव गाजत होते, आणि मायदेशातल्या सामान्य प्रेक्षकाला ती माहीतही नव्हती. १९९७ मध्ये अखेर अमेरिकेत डब्ल्यूएनबीए ही महिलांची लीग सुरू झाली, तेव्हा कूपर चौतीस वर्षांची होती. खेळाडूने निवृत्तीचा विचार करावा असे ते वय. पण पहिल्याच वर्षी ती लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली आणि तिच्या ह्यूस्टन संघाने १९९७ ते २००० अशी सलग चार विजेतेपदे घेतली. देशाने तिची उमेदीची अकरा वर्षे वाया घालवली. तिने मात्र एकही वर्ष वाया जाऊ दिले नाही.

वाढदिवसाची शपथ

घरच्या मुलींना घराबाहेर ठेवण्याची किंमत अमेरिकेलाही मोजावी लागली. १९९२ चे बार्सिलोना ऑलिंपिक आठवा. एनबीएच्या पुरुषांचा 'ड्रीम टीम' नावाचा संघ तिथे गेला आणि जगभर गाजला. त्याच गावी अमेरिकेचा महिला संघ उपांत्य सामन्यात हरला आणि कांस्यपदकावर थांबला. १९९४ च्या जागतिक स्पर्धेतही कांस्यच. कारण उघड होते. खेळाडू देशोदेशी पांगलेल्या. स्पर्धेआधी थोडे आठवडे त्यांना एकत्र करायचे आणि जिंका म्हणायचे! मग संघटनेला जाग आली. १९९५ मध्ये निवडक मुलींचा राष्ट्रीय संघ वर्षभर एकत्र ठेवायचे ठरले. पगार प्रत्येकी ५० हजार डॉलर. परदेशात याहून अधिक कमावणाऱ्या काहींनी तो कमी पगार पत्करला, कारण एक वर्ष तरी आपल्या माणसांत खेळायला मिळणार होते. या संघाने देशोदेशी ५२ सराव सामने खेळले आणि ५२ ही जिंकले. ऑलिंपिकचे आठ धरून एकूण साठ सामने, हार एकही नाही!

ते ऑलिंपिक होते अटलांटाचे. अटलांटा ही जॉर्जियाची राजधानी, तेरेसाच्याच राज्याची. उद्घाटनाचा दिवस १९ जुलै १९९६. म्हणजे तिचा बत्तिसावा वाढदिवस! सर्व देशांच्या सर्व खेळाडूंच्या वतीने शपथ घेण्याचा मान त्या रात्री तेरेसा एडवर्ड्सला मिळाला. त्याच रात्री मुहम्मद अलीने थरथरत्या हाताने ज्योत पेटवली. ज्या राज्याच्या विद्यापीठाने काळ्यांना दार बंद ठेवले होते, त्या राज्यात, सगळ्या जगासमोर, एका काळ्या आईची लेक शपथ घेत होती. यजमान संघाने अंतिम सामन्यात ब्राझीलला १११-८७ असे हरवले.

इथे तिच्या खेळाची एक खूण सांगितली पाहिजे. बास्केटबॉलमध्ये स्वतः चेंडू जाळ्यात टाकणारा खेळाडू सर्वांना दिसतो. पण चेंडू अचूक वेळी सहकाऱ्याच्या हाती पोहोचवून त्याला गुण मिळवून देणे, याचाही वेगळा हिशेब ठेवतात. त्याला 'असिस्ट' म्हणतात. तेरेसाचे नाव या असिस्टसाठी विशेष घेतले जाते. अटलांटात ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या एकाच सामन्यात तिने असे पंधरा असिस्ट दिले. दुसऱ्याचा हात वर जावा म्हणून राबणारा खेळाडू! समाजकार्यात पडलेल्या माणसाला हा हिशेब फार आवडतो.

आभार नकोत, दाम द्या

महिलांचा बास्केटबॉल विकला जातो हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले, आणि एकदम दोन लीग उभ्या राहिल्या. एबीएल ही लीग ऑक्टोबर १९९६ मध्ये सुरू झाली, तर एनबीएच्या पाठबळावरची डब्ल्यूएनबीए जून १९९७ मध्ये. एनबीएकडे पैसा, टीव्ही आणि मोठी स्टेडियम होती. पण एबीएल खेळाडूंना जास्त पगार देत होती. सरासरी सुमारे ७० हजार डॉलर. तेरेसाने एबीएलची बाजू घेतली. तिच्या उभारणीत ती पहिल्यापासून होती, आणि अटलांटाच्या संघात ती खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिका करत होती. जवळजवळ नऊ वर्षे घराबाहेर राबल्यावर लीग मिळाली, म्हणून हात जोडून मिळेल तो पगार घ्यावा, असे तिने केले नाही.

तुलनेसाठी एक आकडा देतो. त्याच १९९६-९७ च्या हंगामात मायकेल जॉर्डनचा पगार सुमारे ३ कोटी डॉलर होता. त्या रकमेत एबीएलच्या सव्वाचारशेहून अधिक महिला खेळाडूंचा वर्षाचा पगार भागला असता. जॉर्डनच्या कर्तबगारीबद्दल आमची तक्रार नाही. पण तफावत किती, हे कळायला हवे.

एबीएलचा शेवट मात्र गोड झाला नाही. डिसेंबर १९९८ मध्ये, तिसरा हंगाम चालू असतानाच, पैसे संपून लीग बंद पडली. तेरेसा पुन्हा बेकार! तरीही २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ती पाचव्यांदा उतरली आणि चौथे सुवर्ण घेऊन आली. पाच ऑलिंपिक, चार सुवर्ण, एक कांस्य. डब्ल्यूएनबीएमध्ये ती खेळली ती थेट २००३ मध्ये, मिनेसोटाच्या संघातून, चाळिशीच्या उंबरठ्यावर. २०११ मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये तिचे नाव दाखल झाले आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला अमेरिकेच्या पथकाची ती प्रमुख होती.

तिच्यानंतरच्या पिढीचा प्रश्न सुटला का? पुरता नाही. डब्ल्यूएनबीएचा हंगाम उन्हाळ्यापुरता. त्यामुळे पुढेही कित्येकजणी हिवाळ्यात रशिया, तुर्कस्तान, चीन असे देश धरत राहिल्या. डायना टॉरासी या नामवंत खेळाडूला तर २०१५ साली रशियन क्लबने पैसे दिले ते मायदेशात न खेळता विश्रांती घेण्यासाठी! आणि २०२२ साली ब्रिटनी ग्रायनरचे प्रकरण घडले. दोन ऑलिंपिक सुवर्ण मिळवलेली ही खेळाडू रशियन क्लबसाठी निघाली असता १७ फेब्रुवारी रोजी मॉस्कोच्या विमानतळावर तिला पकडले. सामानात गांजाच्या अर्काच्या नळ्या सापडल्या म्हणून नऊ वर्षांची शिक्षा झाली. ८ डिसेंबरला कैद्यांच्या अदलाबदलीत ती सुटली. त्या सुमारास डब्ल्यूएनबीएत एका खेळाडूला जास्तीत जास्त सुमारे सव्वादोन लाख डॉलर मिळत होते, आणि रशियात तिला त्याच्या कित्येक पट मिळत असल्याचे वृत्तपत्रांनी लिहिले. ती तिकडे गेलीच कशाला, असे लोकांनी विचारले. तेरेसा ज्या कारणासाठी १९८७ मध्ये गेली, त्याच कारणासाठी!

प्रश्न कोणाला विचारायचा?

आता विहारातल्या बैठकीकडे परत येऊ. "खेळून पोट भरतं का?" हा प्रश्न खराच आहे. तेरेसाच्या बाबतीत त्याचे उत्तर तिच्या देशाने नऊ वर्षे 'नाही' असेच दिले. पण त्यात तेरेसाचे काय चुकले होते? तिचे कसब कमी नव्हते, कष्ट कमी नव्हते. कमी होती ती व्यवस्था. म्हणून हा प्रश्न पोरीला विचारू नका, तो व्यवस्थेला विचारा. शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारा, की खेळाची फी घेता तर मुलींना मैदान आणि शिकवणारी बाई का नाही? नगरसेवकाला विचारा, की वस्तीतले मैदान मंडपाला मिळते, मग मुलींच्या सरावाला का मिळत नाही?

आणि जे मिळण्याजोगे आहे ते सोडू नका. आपल्या राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वेतही खेळाडूंची भरती होते. पण त्यासाठी ढाल चालत नाही, कागद लागतो. मुलीचे प्रत्येक प्रमाणपत्र, त्यावरचे नाव, तारीख, स्पर्धेचा दर्जा नीट तपासून एका फाईलीत लावा. क्रीडा कार्यालयाकडून वेळेवर पडताळणी करून घ्या. पाऊस-गळतीत भिजलेल्या प्रमाणपत्रापायी हातची नोकरी गेलेली आम्ही पाहिली आहे. आणि खेळासाठी शाळा सोडवू नका. तेरेसाही कॉलेजच्याच वाटेने मैदानात आली.

मुलगी उद्या तेरेसा होईलच, असे वचन आम्ही देऊ शकत नाही. सगळ्याच होत नाहीत. पण दहावीला पोचलेल्या पोरीच्या हातून चेंडू काढून घेताना एवढा विचार जरूर करा, की मिल्ड्रेड एडवर्ड्स नावाची एक आई पाच पोरांचे ताट वाढत होती आणि तिनेही हिशेब मांडलाच असेल. तिच्या हिशेबात लेकीचा खेळ खर्चाच्या बाजूला पडला नाही.

येत्या बैठकीला मुलींची प्रमाणपत्रे घेऊन या. आम्ही फाईल लावून देऊ.

जयभीम! नमो बुद्धाय!